एचआरव्ही ३१ आला म्हणजे हार्ट वीक नाही, ताई

नमस्कार ताई, दांडिया बाजारचा क्लास मीच चालवतो म्हणून उत्तर पण मीच देतोय. तुम्ही १ स्टार देऊन लिहिलंय की आमच्या चेस्ट स्ट्रॅपवर, म्हणजे छातीवर बांधून ठोके मोजायच्या पट्ट्यावर, तुमचा एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं त्याचा आकडा) ३१ आला, घरी मिस्टरांचं ॲपल वॉच घातलं तर ६४, जाऊबाईंच्या बँडवर तर ७०, म्हणजे आमचं मशीन खोटं आणि आम्ही घाबरवून प्राणायामची बॅच विकतो. आणि हार्ट वीक आहे या काळजीने झोप लागली नाही असंही लिहिलंय, ते वाचून खरंच वाईट वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

३१ आणि ६४ दोन्ही बरोबर असू शकतात, कारण ते एक माप नाहीच. मिनिटाला ६० ठोके पडत असले तरी बरोब्बर सेकंदाला एक असं होत नाही, एक अंतर ९६० मिलिसेकंद, पुढचं १०३०, मग ९९०, श्वास घेताना ठोके जरा लवकर पडतात आणि सोडताना सावकाश, आणि हे असं कमीजास्त होणं चांगलंच असतं. आमचं ॲप आरएमएसएसडी काढतं, म्हणजे लागोपाठच्या दोन अंतरांमध्ये किती फरक पडतो ते. ॲपल वॉच एसडीएनएन दाखवतं, म्हणजे सगळी अंतरं सरासरीपासून किती पसरली आहेत ते. किलोचा आकडा आणि पाउंडचा आकडा शेजारी ठेवून वजन वाढलं म्हणण्यासारखं आहे हे. त्यात तुम्हीच लिहिलंय की वॉचवर ब्रीदिंगचं सेशन करून बघितलं. सावकाश श्वास घेतला, मिनिटाला ६ च्या आसपास, की आकडा तेवढ्यापुरता वर जातोच. म्हणून तर आम्ही प्राणायामच्या आधी मोजतो, नंतर नाही. काही ॲप तर आरएमएसएसडीचा लॉग (गणितातला लॉगरिदम) घेऊन ० ते १०० चा स्कोअर देतात, तिथे हाच ३१ पन्नाशीच्या वर दिसेल.

जाऊबाईंशी तुलना तर करूच नका. एकाच वयाच्या दोन तब्येतीने ठणठणीत माणसांचे आकडे दुप्पट-तिप्पट वेगळे असू शकतात, वयाबरोबर तो उतरतो, पाळीच्या आधीच्या दिवसांत बऱ्याच जणींचा कमी येतो. आणि जास्त आला म्हणजे चांगलंच असंही नाही, एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाच्या आजारात ठोके अनियमित पडतात तेव्हा आकडा भलताच मोठा दिसतो. स्वतःचाच ७ दिवसांचा ॲव्हरेज बघायचा, बस.

आता तुमचं रीडिंग कधीचं होतं ते बघा, नवरात्र संपल्याच्या दुसऱ्या सकाळी. ९ रात्री गरबा, एक-दीडला घरी, मग जेवण, मग अर्धवट झोप. अशा सकाळी आकडा खाली येणारच, आमच्या बऱ्याच मेंबरांचा येतो. ट्रेनरने त्या दिवशी वजनं उचलू दिली नाहीत, चालणं आणि प्राणायाम सांगितला, तो त्याचा निर्णय बरोबर होता आणि मी त्याच्या पाठीशी आहे. प्राणायामची बॅच महिन्याच्या फीमध्येच आहे, वेगळा एक रुपया घेत नाही, पावती बघा.

हार्ट वीक हा शब्द मात्र आमच्याकडचा नाही. एचआरव्हीवरून ब्लॉकेज कळत नाही, पंपिंग कळत नाही. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, धडधड होत असेल तर ॲप बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरकडे जाऊन ईसीजी काढा, क्लासला नंतर या. बीपीची गोळी चालू असेल तर ट्रेनरला नाव सांगून ठेवा, बीटा ब्लॉकर प्रकारच्या गोळीने पण आकडा बदलतो.

असं काही नसेल तर सोमवारपासून आठवडाभर सकाळी चहाच्या आधी या, ५ मिनिटं शांत बसायचं, रोज तोच स्ट्रॅप, तीच वेळ. मिस्टरांचं वॉच पण घेऊन या, दोन्ही एकदम लावू. आणि तो आठवडा झाल्यावर तुम्हाला वाटेल तो रिव्ह्यू लिहा.