पोदेराचं पोट आणि चालण्याचा हिशेब

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश तिसऱ्यांदा येऊन पडला. सार असं: वजन ८० टक्के स्वयंपाकघरात ठरतं, कामाला चालत जाणं हा व्यायाम नव्हे, सायकलने फक्त भूक वाढते, आणि विश्वास बसत नसेल तर पोदेराकडे (घरोघर पाव विकणाऱ्याकडे) बघा, जन्मभर सायकल मारूनही पोट सुटलेलंच! खाली हसरे चेहरे. तिसऱ्यांदा तो मावसभावाने टाकला. तो तिठ्यावर दूध आणायलाही स्कूटर काढतो.

पोदेरापासूनच सुरुवात करू. आमच्या वाड्यावरचा पोदेर गेली काही वर्षं स्कूटरवरून येतो. टोपली तीच, वरचं निळं प्लास्टिक तेच, भोंगा तोच, फक्त पायडल गेलं. तेव्हा त्याचं पोट नेमकं कशाचा पुरावा, हे भावानेच सांगावं. आणि तो सायकलवर असता, तरी एका माणसाच्या पोटावरून काय सिद्ध होणार?

माणसं हजारोंनी मोजली तर काय दिसतं? लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळूर इथल्या कारखान्यांतले कामगार, त्यांचे घरचे आणि गावाकडची भावंडं यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. खासगी वाहनाने कामाला जाणाऱ्यांत निम्म्यांचं वजन जास्त होतं, सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांत ३८ टक्क्यांचं, आणि चालत किंवा सायकलने जाणाऱ्यांत पाव हिश्शाचं (हा पाव खायचा नव्हे).

आता खरा अवघड प्रश्न, जो त्या संदेशाला सुचलाच नाही. कशावरून चालल्यामुळे वजन कमी? मुळात सडपातळ असलेलीच माणसं चालत असतील! शंका रास्त आहे. शिवाय आपल्याकडे चालत जाणारा बहुधा कमी पगाराचा असतो, त्याचं जेवणही वेगळं. म्हणून मला २०१५ चा ब्रिटनमधला अभ्यास जास्त मोलाचा वाटतो. त्यात चार हजारांवर नोकरदारांकडे दोन वर्षांच्या अंतराने पुन्हा पाहिलं, म्हणजे माणूस तोच, बदलली ती जाण्यायेण्याची रीत. गाडी सोडून चालणं, सायकल किंवा बस-रेल्वे धरलेल्यांचं वजन सरासरी किलोभर उतरलं. उलट गाडी धरलेल्यांचं साधारण तितकंच चढलं. बसवालेही यात आहेत, कारण बस काही दारात येत नाही.

किलोभरच? हो, किलोभरच. इथे ८० टक्केवाल्यांना थोडं मानायला हवं. तो आकडा कुठून आला देव जाणे, पण नुसत्या चालण्याने कोणी बारीक होत नाही, हे खरं. मी पणजीच्या कदंब बसस्थानकावर उतरून पाटोचा पूल ओलांडून १८ जून रस्त्यावरच्या कचेरीत जातो, संध्याकाळी उलट. जाऊन-येऊन तीनेक किलोमीटर. सत्तर किलोच्या माणसाच्या यात जेमतेम शंभर जादा कॅलरी जातात, साधारण एक पाव. एका किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. कामाचे दिवस धरले तर कागदावर वर्षाकाठी तीन किलो उतरायला हवेत, पण शरीर लबाड आहे; दुसरीकडे खर्च आखडतं, थोडं जास्त मागून घेतं. प्रत्यक्षात हाती किलोभर लागतं. पण चाळिशीनंतर वजन चढतं तेही असंच, वर्षाला अर्धा-एक किलो, कोणाच्या लक्षात न येता. हे चढणं रोखलं तरी पुष्कळ झालं. गोव्यात आज प्रौढांपैकी साधारण तिघांमागे एकाचं वजन जास्त आहे; तेही एका रात्रीत झालेलं नाही.

सायकलने भूक वाढते म्हणे. वाढू दे की! या अभ्यासांतल्या कोणाला उपाशी ठेवलं नव्हतं. ते भुकेप्रमाणे जेवले आणि मग त्यांचं वजन नोंदलं गेलं; वाढलेली भूक त्या आकड्यात आधीच धरलेली आहे. ब्रिटनमध्येच चाळीस ते एकोणसत्तर वयाच्या दीड लाखावर लोकांत सायकलने कामाला जाणारे पुरुष गाडीवाल्यांपेक्षा सुमारे पाच किलोंनी हलके निघाले, बायका चारहून जास्त.

‘व्यायाम नव्हे’ हा मुद्दा तर जुनाच झाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगते, आणि ते सलग दहा मिनिटांचे तरी हवेत ही अट तिने २०२० मध्ये काढून टाकली. माझी वीस आणि वीस मिनिटं, पाच दिवस: दोनशे. जिमची फी शून्य.

संदेशाखाली काकीने विचारलं, ‘पण चालायचं कुठून रे?’ सगळ्या गटात शहाणा प्रश्न हाच. पदपथ मध्येच संपतो आणि लावून ठेवलेल्या स्कूटरी सुरू होतात. उतरून रस्त्यावरून चालावं तर मागून भोंगा. परवा त्या स्कूटरींत एक ओळखीची दिसली. भावाचीच होती.