नगरसेवकाचा पगार दोन लाख नाही, आणि निधी हा त्याचा पगार नव्हे

महापालिकेची निवडणूक झाल्यापासून एक लांबलचक संदेश मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. काल तो माझ्या मामांकडून आला. हे खरं का, असं त्यांनी विचारलं नव्हतं. 'बघ आपला टॅक्स कुठे जातो' असा निकाल लावूनच पाठवला होता. चाळीस वर्षं हिशेब तपासण्यात घालवलेला माणूस अशा मजकुरावर विश्वास ठेवत असेल, तर त्याला उत्तर देणं भाग आहे.

संदेशात थोडक्यात असं लिहिलंय: मुंबईच्या नगरसेवकाला महिना 2 लाख पगार मिळतो. एकदा निवडून आला की जन्मभर 50,000 पेन्शन. वर्षाला 1 कोटी 60 लाख 'निधी' त्याच्या हातात पडतो. घर, गाडी, टोल, विमान सगळं फुकट, वर आयकरही माफ. पालिकेत लोकप्रतिनिधी नव्हते त्या चार वर्षांतही पगार चालू होता. न्यूयॉर्क-लंडनमध्ये मात्र नगरसेवक एक पैसा घेत नाहीत. म्हणून आपल्याकडेही मानधन बंद करा.

आधी दोन लाखांचं बघू. राज्य सरकारने जुलै 2017 मध्ये नगरसेवकांचं मानधन वाढवलं, तेव्हा महापालिकांच्या वर्गवारीप्रमाणे आकडे ठरले: मुंबईला 25,000, पुणे-नागपूरला 20,000, 'ब' वर्गाला 15,000, 'क' आणि 'ड' वर्गाला 10,000 रुपये. त्याआधी मुंबईत 10,000 मिळत होते. त्याशिवाय सभेला हजर राहिल्याचा भत्ता 150 रुपये, तोही महिन्यात जास्तीत जास्त चार सभांचा. म्हणजे सगळ्या सभांना हजर राहिलेल्या नगरसेविकेच्या हातात महिन्याला 25,600 रुपये येतात. पालिकेच्या कायम सफाई कामगाराचा महागाई आणि घरभाडे भत्त्यासह पगार याहून जास्त भरतो.

मग 2 लाख आणि 50,000 हे आकडे आले कुठून? आमदारांच्या तक्त्यातून. ऑगस्ट 2016 मध्ये विधिमंडळाने आमदारांचं वेतन 75,000 वरून सुमारे 1 लाख 70 हजारांवर नेलं आणि माजी आमदारांचं निवृत्तिवेतन 40,000 वरून 50,000 केलं. पहिल्या पाच वर्षांनंतरच्या प्रत्येक वर्षाला त्यात 2,000 रुपयांची भर पडते. पुढे महागाई भत्ता वाढत गेला आणि आमदारांचा आकडा दोन लाखांच्या पुढे गेला. कुणीतरी तो तक्ता उचलला, 'आमदार' खोडून 'नगरसेवक' लिहिलं आणि पाठवून दिलं. नगरसेवकाला पेन्शन नाही. एका टर्मला नाही, पाच टर्मनाही नाही. आयकराच्या सवलतीचंही तेच. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 10(17) मध्ये भत्त्यांना जी सूट होती ती खासदार-आमदारांना होती, महापालिका सदस्याचं त्यात नावच नव्हतं.

'चार वर्षं घरबसल्या पगार' हे तर सरळ खोटं आहे. मागच्या सभागृहाची मुदत 7 मार्च 2022 ला संपली आणि 8 मार्चपासून प्रशासक, म्हणजे सभागृहाच्या जागी कारभार बघणारा सरकारी अधिकारी, आला. पुढचं मतदान 15 जानेवारी 2026 ला झालं. मधल्या काळात मुंबईत एकही नगरसेवक नव्हता. मग मानधन घेणार कोण?

आता निधीकडे येतो. बाकीच्या चुका नुसत्या चुका आहेत, या चुकीने मात्र नुकसान होतं. 1 कोटी 60 लाख हा आकडा हवेतला नाही, एवढं मान्य करावं लागेल. मागच्या सभागृहात प्रत्येक नगरसेवकाला वर्षाला 60 लाख नगरसेवक निधी आणि 1 कोटी विकास निधी होता. पण त्यातला एक रुपयाही त्याच्या खात्यात जमा होत नाही. ही रक्कम पालिकेच्याच अर्थसंकल्पात राहते. प्रभागातलं कोणतं काम आधी करायचं हे सुचवण्याचा अधिकार नगरसेवकाचा, खर्च पालिकेचा.

काम चालतं ते असं. नगरसेवक विभाग कार्यालयात सहायक आयुक्तांना पत्र देतो: अमुक गल्लीत लादीकरण, तमुक चाळीची पायवाट, गटारावरची झाकणं. परिरक्षण खात्याचा अभियंता जागा पाहतो. पहिला प्रश्न असतो जमीन कोणाची. पालिकेची असेल तर ठीक. म्हाडा (राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण), जिल्हाधिकारी, रेल्वे किंवा बंदर प्राधिकरणाची असेल तर त्यांचं ना-हरकत पत्र लागतं, आणि मुंबईतल्या निम्म्या तक्रारी इथेच अडकून पडतात. खासगी सोसायटीच्या आवारात हा पैसा खर्च करता येत नाही. 'साहेब, निधीतून आमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून द्या' अशी मागणी घेऊन दर आठवड्याला लोक जातात आणि नाही म्हटलं की 'खाल्ले पैसे' म्हणतात. हा संदेश त्याच गैरसमजाला खतपाणी घालतो.

जागेचा प्रश्न सुटला की पालिकेच्या दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक तयार होतं. मग निविदा, कार्यादेश (कंत्राटदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश), प्रत्यक्ष काम. काम झालं की अभियंता मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी नोंदवतो. त्या नोंदीवरून देयक, म्हणजे बिल, तयार होतं, लेखा विभाग ते तपासतो आणि पैसे कंत्राटदाराच्या खात्यात जातात. या साखळीत नगरसेवकाची सही कुठेच पैसे काढण्यासाठी लागत नाही. उलट 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 16 प्रमाणे पालिकेच्या कंत्राटात त्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर तो अपात्र ठरतो.

तर मग निधीत गैरव्यवहार होत नाही का? होतो, आणि कुठे होतो ते माहीत असायला हवं.

पहिली जागा निविदेची. कंत्राटदार अंदाजापेक्षा खूप खालच्या दराने काम घेतो. तो फरक लादीखालच्या थरात भरून काढतो. खडीचा थर पातळ टाकतो, दबाई करत नाही. वरून पेव्हर ब्लॉक नवेकोरे दिसतात, पहिल्या पावसात खचतात.

दुसरी जागा मोजमापाची. गल्ली प्रत्यक्ष न मोजता कार्यादेशातलीच लांबी पुस्तिकेत उतरवली की कंत्राटदाराला न केलेल्या मीटरांचेही पैसे मिळतात.

तिसरी गोष्ट वेळेची. न वापरलेला निधी 31 मार्चला रद्द होतो, म्हणून कामं जानेवारी ते मार्चमध्ये एकदम निघतात. त्याच महिन्यांत अभियंता दहा जागी धावत असतो आणि तपासणी कागदावरच होते.

चौथी सर्वांत महत्त्वाची, आणि लोकांच्या कमी लक्षात येणारी. मुंबईत एकाच वस्तीत पालिका नगरसेवक निधीतून काम करते आणि म्हाडाचं झोपडपट्टी सुधार मंडळ आमदार निधीतून. दोन यंत्रणा, दोन फायली, दोन कंत्राटदार. एकाच पायवाटेचं काम दोन्हीकडे दाखवलं तर एका फायलीतून दुसरी दिसत नाही. संशय आला तर दोन्हीकडे माहिती मागायला हवी. एकीकडे मागून सगळं व्यवस्थित आहे असंच उत्तर मिळेल.

काम एखाद्या जवळच्या माणसाच्या नावाने घेऊन नगरसेवक स्वतःच मागे उभा राहतो, असंही होतं. तेव्हा कलम 16 कागदावर राहतं, कारण हितसंबंध सिद्ध करावा लागतो. पण तिथपर्यंत पोहोचायचं तर कार्यादेश आणि देयक हातात हवं. 'पगार किती घेतो' या ओरडीने ते हाती येत नाही.

मिळवायचं कसं? विभाग कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या 2012 च्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण 150 शब्दांत. म्हणून 'प्रभागातली पाच वर्षांतली सगळी कामं' असं मागू नका, ते परत येतं. एका गल्लीचं एक काम धरा आणि त्याचं अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतल्या त्या कामाच्या पानांची प्रत, अंतिम देयक आणि हमी कालावधी मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. प्रत आली की टेप घेऊन गल्लीत जा आणि पुस्तिकेतली लांबी मोजून बघा. हमी कालावधी संपलेला नसेल तर खचलेल्या लाद्या कंत्राटदाराने स्वखर्चाने बसवून द्यायच्या असतात. हे माहीत नसल्यामुळेच तीच गल्ली पुन्हा नव्या निधीतून होते.

आणि नगरसेवक नसले की हा पैसा वाचतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी प्रशासकाच्या काळात काय झालं ते वाचावं. फेब्रुवारी 2023 मध्ये पालिकेने आमदारांच्या शिफारशीवर निधी देण्याचं धोरण आणलं, एका आमदारामागे कमाल 35 कोटी. इंडियन एक्स्प्रेसने जानेवारी 2024 मध्ये माहिती अधिकारातून मिळवलेली कागदपत्रं छापली. शहरातल्या 36 आमदारांपैकी सत्ताधारी बाजूच्या 21 जणांच्या मतदारसंघांना मिळून सुमारे 500 कोटी रुपये मंजूर झाले होते. विरोधी बाजूच्या 15 पैकी 11 जणांनी मागणी केली होती, एकालाही काही मिळालं नाही. सभागृहच नसल्यामुळे त्यावर प्रश्न विचारायला नगरसेवक कुणीच नव्हता. 227 जणांना वर्षाला 1 कोटी 60 लाख प्रमाणे होतात 363 कोटी, आणि ते पक्ष न बघता प्रत्येक प्रभागाला मिळत होते.

फुकट सोयींचं पटकन सांगतो. घर फक्त महापौरांना आहे, भायखळ्याच्या राणीच्या बागेतला बंगला. गाडी आणि चालक महापौर, उपमहापौर, समित्यांचे अध्यक्ष अशा पदांना मिळतात, साध्या नगरसेवकाला नाही. अभ्यासदौऱ्यांवर पालिकेचा पैसा उधळला गेला आहे, ती टीका योग्यच. विमान-रेल्वेच्या सवलती खासदार-आमदारांच्या. टोलबद्दल बोलायचं तर मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर 2024 पासून टोल नाही, तो सगळ्यांनाच नाही.

न्यूयॉर्क आणि लंडन एका ओळीत लिहिणाऱ्याने दोन्हींपैकी एकाचीही माहिती घेतलेली दिसत नाही. न्यूयॉर्कच्या 51 सदस्यांच्या नगर परिषदेचं वार्षिक वेतन 2016 साली 1,12,500 वरून 1,48,500 डॉलर झालं. त्या बदल्यात समिती अध्यक्षांना मिळणारे जादा पैसे बंद झाले आणि बाहेरच्या कमाईवर कडक मर्यादा आली. म्हणजे पूर्ण वेळ काम, पूर्ण पगार, दुसरा धंदा नाही. लॉस एंजेलिसमध्ये फक्त 15 सदस्य आहेत. त्यांचं वेतन न्यायाधीशांच्या वेतनाशी जोडलेलं आहे आणि ते वर्षाला 2 लाख डॉलरच्या वर जातं. तिथे एका सदस्यामागे अडीच लाखांहून जास्त लोक, न्यूयॉर्कमध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास, मुंबईत 2011 च्या जनगणनेप्रमाणे सुमारे 55,000. तुलना करायची तर ही संख्याही धरून करावी.

लंडनबाबत अर्धं खरं आहे. इंग्लंडमध्ये नगरसेवकाला पगार नसतो, भत्ता असतो, आणि 2014 मध्ये त्यांची पेन्शन योजनेतली सोयही काढून घेतली गेली. अमेरिकेतल्या छोट्या गावांतही बिनपगारी सदस्य पुष्कळ आहेत. पण भत्ता म्हणजे शून्य नव्हे. आणि बिनपगारी नगरसेवक बघायला लंडनला जायची गरज नाही. दिल्ली महापालिकेत मासिक मानधनच नव्हतं, सभेमागे 300 रुपये होते. तिथला कारभार मुंबईपेक्षा स्वच्छ होता, असं कुणी छातीठोकपणे म्हणेल का? चेन्नईत तर उलटा निर्णय झाला. तमिळनाडू सरकारने 2023 मध्ये महापालिका सदस्यांना महिना 10,000 आणि महापौरांना 30,000 मानधन सुरू केलं.

राहिली मागणी, मानधन बंद करण्याची. 227 जणांना 25,000 प्रमाणे वर्षाला 6 कोटी 81 लाख रुपये होतात. 2025-26 चा पालिकेचा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता. शंभर रुपयांतला एक पैसाही या मानधनावर जात नाही. तो वाचवून काय होईल, ते निवडणुकीच्या खर्चाकडे बघितलं की कळतं. या निवडणुकीत मुंबईच्या उमेदवाराला 15 लाखांपर्यंत खर्चाची मुभा होती. पाच वर्षांचं सगळं मानधन जोडलं तरी बरोबर 15 लाखच होतात. शाखेचं किंवा कार्यालयाचं भाडं, फोन उचलायला ठेवलेल्या मुलाचा पगार, वीजबिल हे सगळं त्याच्या बाहेर. प्रभागातली शिक्षिका, बचत गट चालवणारी बाई, कापड दुकानात नोकरी करणारा कार्यकर्ता आज निदान हिशेब मांडून बघू शकतात. 25,000 काढून घेतले की त्यांनी उमेदवारीचा अर्ज भरायचं कारण उरत नाही. अर्ज भरतील ते बिल्डर आणि कंत्राटदारांची माणसं, कारण त्यांना मानधन कधीच लागत नव्हतं.