पावडर कोटिंग केलं की टूरिंग फ्रेमची काळजी कायमची मिटते? एकेक दावा तपासू

सायकलवाल्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतोय, नसेल वाचला तर थोडक्यात सांगतो. जुन्या टूरिंग (लांबच्या प्रवासाच्या) सायकलच्या फ्रेमचा रंग गेलाय का, मग पेंटच्या नादी लागू नका, सरळ सँडब्लास्ट करा (वाळूच्या माऱ्याने जुना रंग उडवा), रंगाची कोरडी पावडर मारा, भट्टीत भाजून घ्या, नंतर आयुष्यभर गंज नाही की ओरखडा नाही, कुठल्याही फ्रेमला चालतं, कोटिंगवाल्याकडे टाकायची आणि नवी कोरी घरी आणायची.

मी पावडरच्या विरोधात अजिबात नाही. सामान लादून फिरणाऱ्या स्टीलच्या फ्रेमवर नीट केलेलं पावडर कोटिंग खरंच भक्कम असतं, आणि मला कुणी विचारलं तर मीही बऱ्याचदा तेच सुचवतो. पण हा मेसेज वाचून लोक चांगल्या चांगल्या फ्रेमा एक शब्द न बोलता शेडमध्ये ठेवून येतात, आणि मग जे होतं ते बघून जीव तुटतो, म्हणून हे लिहितोय.

"गंजाचा विषयच संपतो"

नाही संपत, आणि सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. स्टीलची फ्रेम आतूनही गंजते आणि तो गंज दिसत नाही. सीटपोस्टच्या कडेने, क्लॅम्पच्या फटीतून पाणी सीट ट्यूबमध्ये उतरतं, स्टेना (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बारीक ट्यूबांना) वेल्डिंगच्या वेळी ठेवलेली बारीक भोकं असतात त्यातून शिरतं, शिवाय थंडी-ऊन बदललं की आतल्या हवेतलं दव धरतं ते वेगळंच, आणि हे सगळं खाली बॉटम ब्रॅकेटच्या शेलमध्ये (पेडलच्या क्रँकचा आस बसतो त्या नळीत) येऊन साचतं. पावडर बाहेरून गनने मारतात. ती ट्यूबच्या आत जात नाही. म्हणजे बाहेरून कितीही चकचकीत असली तरी आतलं स्टील उघडंच.

त्यामुळे कोटिंग होऊन फ्रेम घरी आली की पार्ट चढवायच्या आधी आतून मेण किंवा तेल मारून घ्या. गाड्यांच्या दरवाज्यात मारतात तो कॅव्हिटी वॅक्सचा स्प्रे लांब नळी लावून मारता येतो, नाहीतर उकळलेलं जवसाचं तेल ओतायचं, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची, जास्तीचं निथळू द्यायचं आणि एक-दोन दिवस सुकू द्यायचं. कच्चं जवस तेल घेऊ नका, ते फार काळ चिकट राहतं. आणि एक गोष्ट खरंच मनावर घ्या, या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, सुकताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात, मोकळी पसरून बाहेर वाळवा. शेलच्या खाली पाणी जायचं भोक असेल तर ते पावडरने बुजलंय का तेही बघा.

बाहेरच्या गंजाबद्दलही दावा अर्धाच खरा आहे. पावडर म्हणजे फ्रेमभर पसरलेलं एकसंध प्लॅस्टिकचं कातडं. कुठे टवका उडाला, खाली प्रायमर नसला, की ओल त्या कडेने आत सरकत जाते आणि वरचं कातडं जागचं हलत नाही, म्हणून काही कळतच नाही. एक फ्रेम हातात घेतली होती, लांबून बघितली तर नवी वाटावी अशी, मागच्या रॅकच्या बोल्टजवळ तांदळाच्या दाण्याएवढा टवका, बाजूला किंचित फुगीर. नख घातलं तर पापुद्रा दोन बोटं लांब सुटून आला आणि खाली सगळं तपकिरी, भुसभुशीत. साधा पेंट असता तर डाग आधीच वर दिसला असता. म्हणून कोटिंगवाल्याला आधी विचारा की पावडरखाली इपॉक्सी किंवा झिंकवालं प्रायमर देणार का. नुसता एक थर स्टीलवर मारून देणारे बरेच असतात आणि टूरिंगला तो पुरत नाही. नुसती इपॉक्सी पावडर वरचा थर म्हणूनही नको, उन्हात ती पिवळी पडते आणि खडूसारखी होते, वर पॉलिएस्टर पाहिजे.

अजून एक. पावडर विजेच्या भारावर फ्रेमला चिकटते, आणि हा भार अरुंद खाचांमध्ये नीट पोचत नाही. चेनस्टे (खालचे स्टे) आणि शेलचा सांधा, दोन स्टे जोडणाऱ्या ब्रिजच्या मागचा कोपरा, अशा जागी थर पातळ पडतो. चिखल आणि पाणी नेमकं तिथेच अडकून बसतं. फ्रेम ताब्यात घेताना टॉर्च घेऊन हे कोपरे बघा, दिसायला समोरची बाजू छानच असणार आहे.

"ओरखडा पडतच नाही"

दगड उडून लागला तर पावडर साध्या स्प्रेपेक्षा नक्कीच जास्त सहन करते, हे मान्य. पण टूरिंगमध्ये रंग जातो तो जास्त घासून. पॅनिअरचे (रॅकला अडकवायच्या बॅगांचे) हूक, हँडलबार बॅगचा पट्टा, हेड ट्यूबवर घासणारी केबल, मध्ये धूळ अडकली की ती पॉलिश पेपरचंच काम करते आणि काही दिवसांत धातू उघडा. जिथे काहीही टेकतं तिथे जाड पारदर्शक पॉलीयुरेथेनची फिल्म पहिल्या दिवशीच लावा.

"सरळ सँडब्लास्ट करा"

चांगल्या बटेड (टोकांना जाड, मध्ये पातळ) ट्यूबची मधली भिंत ०.५ ते ०.६ मिमी असते. कोटिंगच्या शेडमध्ये रोज गेट, ग्रिल, चेसिस येतात, तिथलाच जाड ग्रिट (ब्लास्टचे कण) आणि तेच प्रेशर तुमच्या टॉप ट्यूबवर मारलं तर स्टील खाल्लं जातं, सगळ्यात आधी लगच्या (ट्यूबांचे सांधे धरणाऱ्या बाह्यांच्या) धारदार कडा बोथट होतात. बारीक कण, कमी प्रेशर, एका जागी गन धरून ठेवायची नाही, हे तोंडाने सांगावं लागतं. केमिकल स्ट्रिपरने काढणार असाल तर कॉस्टिकवालं ॲल्युमिनियमवर चालत नाही, ते धातूच खातं, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून कोरडं घासून धूळ उडवू नका, पाणी लावून घासा.

ब्लास्ट झालेलं उघडं स्टील दमट हवेत काही तासांत गंज धरायला लागतं. आज ब्लास्ट आणि पुढच्या आठवड्यात पावडर असं कुणी सांगत असेल तर दुसरीकडे जा. आणि फ्रेम देताना आत ग्रीस राहिलं असेल तर भट्टीत ते पातळ होऊन भोकांतून बाहेर येतं, त्याची वाफ पावडरमध्ये फोड आणि खड्डे करते, म्हणून आधी सगळं धुवून पुसून द्या.

"कुठल्याही फ्रेमला चालतं"

कार्बनला चालत नाही. पावडर साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसला १० ते २० मिनिटं भाजतात आणि कार्बन फ्रेममधलं रेझिन त्याच्या आधीच मऊ पडतं. स्टीलच्या फ्रेमला कार्बन फोर्क असेल तर तो काढूनच द्या, सांधे चिकटवून केलेल्या जुन्या ॲल्युमिनियम फ्रेमलाही पावडर चालत नाही.

स्टीलला या उष्णतेचं काही वाटत नाही, क्रोमोली असो नाहीतर रेनॉल्ड्स ५३१ (दोन्ही स्टीलचेच प्रकार), सांधे जोडणाऱ्या चांदीच्या ब्रेझिंगला वितळायला सुद्धा ६०० अंशांच्या पुढे जावं लागतं. वेल्ड केलेल्या ॲल्युमिनियमचं मात्र जरा बघून. ६०६१ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला ताकद येते तीच १६० ते १८० अंशांवर कित्येक तास ठेवून, त्यामुळे नीट सांभाळलेल्या भट्टीत एकदा २० मिनिटं म्हणजे फार नाही, पण तापमान वर गेलं किंवा रंग आवडला नाही म्हणून परत परत भाजलं तर ताकद उतरायला लागते. क्रोम असलेल्या फोर्कवर पावडर नीट धरत नाही, तो भाग खरवडावा लागतो नाहीतर क्रोम काढून घ्यावं लागतं.

"टाकायची आणि आणायची"

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण फ्रेम वाया जाते ती इथेच. पावडरचा एक थर ६० ते १०० मायक्रॉनचा, प्रायमर धरला तर अजून जाड, आणि तो नको तिथे बसला तर पार्ट बसत नाहीत. बॉटम ब्रॅकेटचे आटे, हेडसेटच्या (हँडल फिरतं त्या बेअरिंगच्या) कपांची जागा, फोर्कवरची क्राउन रेसची (त्याच्या खालच्या कडीची) जागा, सीट ट्यूबची आतली बाजू, डिस्क कॅलिपर टेकतो ते तोंड, हे सगळं झाकूनच पाहिजे. आट्यांना सिलिकॉनचे बूच किंवा जुने बोल्ट लावायचे. कागदावर लिहून, फ्रेमवर टॅग बांधून द्या, तोंडी सांगितलेलं शेडमध्ये हरवतं. तरीही नंतर टॅप (आटे साफ करायचं हत्यार) मारून घ्यावा लागतोच, बाटलीच्या आणि रॅकच्या बोल्टांना एम५ चा, आणि शेलला बीएसए प्रकारचे आटे असतील तर लक्षात ठेवा की ड्राइव्ह साइडचे, म्हणजे चेनच्या बाजूचे, आटे उलटे असतात.

आता रॅक. आयलेटच्या (रॅकचा बोल्ट बसतो त्या भोकाच्या) तोंडावर पावडर ठेवून रॅक कसला की त्या वेळी घट्ट वाटतो. पण मध्ये प्लॅस्टिकचा थर आहे, लोड आणि हादऱ्याने तो दबत जातो, बोल्टचा ताण सुटतो, रॅक हलायला लागतो आणि हलणारा रॅक बोल्ट तोडतो. ड्रॉपआऊटच्या ज्या तोंडांवर चाकाचा नट किंवा क्विक रिलीज आवळतो तिथेही हेच. तेवढी टेकणारी जागा उघडी ठेवा, ग्रीस लावा, आणि पहिल्या काही राइडनंतर सगळे बोल्ट परत तपासा.

शेलच्या खाली खोदलेला फ्रेम नंबर जाड थरात बुजतो, म्हणून देण्याआधी फोटो काढून ठेवा, सायकल चोरीला गेली तर तीच ओळख. पावडरच्या रंगाचा आरएएल (रंगांच्या प्रमाणित यादीतला) नंबरही लिहून घ्या, काळा असेल तर बहुतेक ९००५, म्हणजे पुढे टच-अपला तोच रंग मिळेल.

"पेंट म्हणजे पैसे पाण्यात"

डब्यातल्या साध्या स्प्रेबद्दल असेल तर बरंचसं खरं आहे, तो कडक व्हायला आठवडे घेतो आणि तरी मऊच राहतो. पण इपॉक्सी प्रायमरवर दोन घटकांचा युरेथेन पेंट ही वेगळी गोष्ट आहे. लगचे बारीक आकार, दोन रंगांची सीमा, लॅकरखाली स्टिकर, हे सगळं त्यात नीट होतं, आणि टवका गेला तर कड घासून तेवढ्याच जागी परत रंगवता येतं. पावडरला तसं सांधता येत नाही, सैल कड घट्ट लागेपर्यंत खरवडायची, गंज काढायचा आणि वर टच-अप किंवा नेलपॉलिश. हा पेंट मात्र घरी मारू नका, हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साधा मास्क त्याला पुरत नाही आणि एकदा दमा जडला तर तो बहुतेकदा जात नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्या बूथमध्येच हे काम होतं.

"नवी कोरी होऊन येते"

रंग नवा होतो, धातूचं वय तेच राहतं. उलट रंग उतरवल्यावर धातू उघडा असतो तेव्हाच तो तपासायची संधी मिळते आणि जाड पावडर ती परत झाकून टाकते. म्हणून ब्लास्टनंतर लगेच, प्रायमरच्या आधी, स्वतः जाऊन फ्रेम बघा: हेड ट्यूबजवळ डाउन ट्यूबच्या खालची बाजू, चेनस्टेचा ब्रिज, ड्रॉपआऊटचे सांधे, रॅकचे आयलेट. ट्यूब अंगठ्याने दाबा, गंजाने आतून खाल्लेली असेल तर तिथे दबते. केसाएवढी रेघ दिसली आणि बोट फिरवल्यावर नख अडकलं तर रंगकाम तिथेच थांबवा आणि आधी फ्रेम बनवणाऱ्याकडे न्या, कारण पावडर झाल्यावर तिथे ब्रेझिंग करायचं म्हटलं तर आजूबाजूचं कोटिंग जळणार आणि अख्खी फ्रेम परत उतरवावी लागणार.