फिरोजशहा मेहता 'पहिले महापौर' नव्हेत

'सर फिरोजशहा मेहता हे मुंबईचे पहिले महापौर' असा मेसेज पालिका मुख्यालयासमोरच्या त्यांच्या पुतळ्याच्या फोटोसकट फिरतो आहे. फोटो खरा, पदाचं नाव चुकलं आहे.

मेहतांचं निधन ५ नोव्हेंबर १९१५ रोजी झालं. मुंबईत 'महापौर' हे पद आलं १९३१ मध्ये. त्याआधी सभागृहाच्या प्रमुखाला अध्यक्ष म्हणत. मेहता १८८४-८५ मध्ये आणि पुन्हा १९०५ मध्ये अध्यक्ष होते. पहिले महापौर जे. बी. बोमन बेहराम (१९३१-३२). घोळ बहुधा इथेच होतो: जुन्या अध्यक्षांना आजच्या पदनामाने संबोधलं जातं.

मेहतांचं मोठेपण त्या पदावर अवलंबून नाहीच. १८८८ च्या पालिका कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता, आणि मुंबई पालिकेचा कारभार अजूनही त्याच कायद्यावर चालतो. (प्रशासकीय अधिकार आयुक्तांकडे, महापौरांकडे नव्हे, हेही त्यातलंच.)

तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर आधीच टाकला असेल तर 'पहिले महापौर' खोडून 'पालिकेचे माजी अध्यक्ष' असं लिहा. फोटो राहू द्या.