लॅपटॉप नाही, तवा झाला आहे नुसता!

आज तिसऱ्यांदा बंद पडला. पोरीच्या प्रवेशाचा अर्ज अर्धा भरला होता, पुन्हा पहिल्यापासून! बऱ्याच कंपन्या 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 वर, त्यात डोक्यावर टिनपत्रे अन् दुपारभर लाईट गेलेली. म्हणजे कुलरही बंद. प्रोसेसर 100 अंशांकडे गेला की आधी रेंगाळतो, मग पडदा काळा.

काल मागचं झाकण उघडलं. पंख्याच्या जाळीत कापसाचा पुंजका दाटून बसलेला, बोटानं ओढला तर वातीसारखा लांब निघाला. भाव नाही म्हणून कापूस अजून घरातच भरला आहे, दुसरं काय होणार? अर्जाची शेवटची तारीख उद्या आहे हो!