अठरा पावलं

कालचा राग अजून उतरला नाहीये म्हणून लिहितोय. हॉलमधल्या सेट-टॉप बॉक्समध्ये टेनिसची फायनल रेकॉर्ड करून ठेवली होती, हॉलचा टीव्ही बायकोच्या मालिकेने अडवलेला, म्हटलं घरच्याच वायफायवरून बेडरूममध्ये बघू. अंतर मोजून अठरा पावलं. हीच मॅच उपग्रहावरून जवळजवळ ३६,००० किलोमीटर खाली आली, तीही सेकंदाच्या आठव्या हिश्श्यात, कुठे अडखळली नाही. अठरा पावलांत मात्र तिला धाप लागली.

पलंगावर माझे सासरे, नाना, टेकलेले. उभी हयात पोस्टात गेली, त्यामुळे जगातला कुठलाही प्रॉब्लेम ते फिरवून फिरवून पोस्टातच नेतात.

टीव्ही म्हणाला, बॉक्स सापडत नाही.

"पत्ता नीट घातलाय ना?"

"नाना, हे पोस्ट नाहीये हो."

बघतो तर खरंच पत्ता! दुपारी लाइट गेले होते, राउटर रीस्टार्ट झाला आणि त्याने बॉक्सला नवीन आयपी देऊन टाकला. ॲपमध्ये मी १९२.१६८.१.५ भरून ठेवलेला, साहेब मुक्कामाला ९ वर.

"बिऱ्हाड हलवलं आणि कळवलं नाही," नाना समाधानाने म्हणाले. "असल्यांची पत्रं आम्ही शेरा मारून परत पाठवायचो."

नवा पत्ता घातला, मॅच लागली. खेळाडूने सर्व्हिससाठी चेंडू वर फेकला आणि तो वरच राहिला. मधे ते गोल फिरायला लागलं. नानांनी चष्मा पुसला, परत लावला, चेंडूकडे टक लावून बसले.

"हा खाली कधी येणार?"

मग मी, कशाला कोण जाणे, समजवायला बसलो. एचडीला सेकंदाला आठेक मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला साडेतीन जीबीच्या वर, आणि आपला वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर, त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, आणि मायक्रोवेव्हसुद्धा. एवढं बोलतोय तोच स्वयंपाकघरातून टिंग वाजलं. घरघर थांबली. चेंडू खाली आला.

"आला!" नानांनी टाळी वाजवली. पुढच्या ब्रेकमध्ये बायको परत मायक्रोवेव्हकडे गेली आणि चेंडू नेटवर लटकला. नानांना आता मॅचपेक्षा हाच खेळ आवडायला लागला, टिंग व्हायच्या आधीच ते "आता येईल बघा" म्हणायचे.

मी चिडून फाइल पेनड्राइव्हवर घेतली. लॅपटॉप म्हणे ओळखतच नाही. कारण रेकॉर्डिंगला कुलूप आणि किल्ली त्या एकाच बॉक्सच्या पोटात. बॉक्स मेला की सगळं रेकॉर्डिंग त्याच्याबरोबर सती.

"सीलबंद पार्सल," नाना म्हणाले.

"अहो पण पार्सल माझं आहे ना! डिस्क माझी, वायफाय माझा, दर महिन्याला पैसे मी भरतो!" इथे माझा आवाज जरा चढला. पण खरंच, पूर्वी व्हीसीआरची कॅसेट काढायची, काखेत मारायची, कुणाच्याही घरी लावायची. कॅसेटने कधी विचारलं नाही, तुम्ही कोण, हा टीव्ही कुणाचा. आता बॉक्स घेताना सांगतात घरात कुठेही बघा, आणि 'कुठेही' म्हणजे बॉक्सच्या समोर.

शेवटी वायर ओढायचं ठरवलं. दारातून, कपाटामागून, मी गुडघ्यांवर.

"वायर तिथपर्यंत न्यायचीच आहे," नाना वरून म्हणाले, "तर बॉक्सच इकडे का नाही आणत?"

मी उत्तर दिलं नाही. छत्रीची वायर हॉलमध्येच येते हे सांगायची ताकद नव्हती.

नाना उठले, अठरा पावलं चालत हॉलमध्ये गेले. बायकोचा आवाज आला, "घ्या ना नाना, माझी काय, उद्या रिपीट लागेल." मला तासभर न मिळालेला रिमोट! दोन मिनिटांत तिकडून आरोळी आली,

"जावईबापू, लाइनच्या बाहेर पडला हो!"

आवाज स्पष्ट येत होता. मधे मायक्रोवेव्ह चालू झाला तरी.