पंचाची पंचाईत

आमच्या ऑफिसच्या दारात अंगठा घेणारं एक यंत्र आहे. त्याला माझा अंगठा पटत नाही. मी अंगठा ठेवतो, ते लाल दिवा लावतं. पुसून ठेवतो, फुंकर मारून ठेवतो, मनातल्या मनात हात जोडून ठेवतो, लाल. मागे रांग वाढत जाते आणि लोक घसे खाकरू लागतात. इतकी वर्षं शिकून शेवटी अंगठेबहाद्दर झालो आणि त्यातही नापास.

"काल तुमचा पंच नाही," एचआरच्या मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, पण मी होतो की. तुमच्याशी बोललोसुद्धा."

"तुम्ही असाल हो. पंच नाहीये."

या वाक्यावर विचार करत बसलो तर माणूस वेदान्ताकडे वळेल. मी वळलो डिक्शनरीकडे. कारण आदल्या दिवशी उशीर झाला होता तो गाडी पंक्चर झाल्यामुळे, आणि त्याबद्दल साहेबांनी मला पंक्चुअल असण्यावर पंधरा मिनिटं ऐकवलं होतं. पंक्चर, पंक्चुअल, पंच. तिघांच्या चेहऱ्यात काहीतरी साम्य आहे, असं मला बोलणी खातानाच वाटत होतं.

आणि निघालेही एकाच घरातले! लॅटिनमध्ये 'पुंगेरे' म्हणजे टोचणे. टोचल्यावर उठतो तो ठिपका म्हणजे पॉइंट. चाकाला टोचलं की पंक्चर. काळाच्या नेमक्या ठिपक्यावर हजर होतो तो पंक्चुअल. आणि भोक पाडायचं हत्यार ते पंच. म्हणजे साहेबांना मी जे कारण दिलं होतं, त्याचा सरळ अर्थ असा होता : साहेब, टोचल्यामुळे टोचता आलं नाही, म्हणून टोचलं गेलं नाही. याच घरात 'कंपंक्शन' नावाची एक सालस मुलगीही आहे. अर्थ, मनाला लागलेली टोचणी. तिची आणि साहेबांची अजून गाठ पडलेली नाही.

बुक्की मारणारा पंचही याच कुळातला. आधी तो काठीने टोचून गुरं हाकायचा, पुढे कधीतरी काठी टाकून मूठ वळवायला लागला.

राहता राहिला प्रश्न, अंगठा टेकवण्याला पंच का म्हणायचं? भोक तर कुठेच पडत नाही (माझ्या पगाराला पडतं, ते वेगळं). हा शब्द हजेरीची कार्डं यंत्रात घालून पंच करायच्या जमान्यातून मागे राहिलेला. कार्डांचा विषय निघाला की मला हर्मन होलरिथ हा गृहस्थ आठवतो. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत त्याने माणसंच्या माणसं कार्डावरच्या भोकांत बसवली, आणि त्याची कंपनी इतरांत मिसळून पुढे आयबीएम झाली. ही कल्पना त्याला आगगाडीत सुचली म्हणे. तिथले कंडक्टर तिकिटावर ठरावीक जागी भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन नोंदवायचे : केस फिके, डोळे काळे, नाक मोठं. म्हणजे तिकीट दुसऱ्याच्या हाती लागलं तरी चालायचं नाही. माझं नाक चांगलं ठसठशीत आहे. त्या कंडक्टरने मला पहिल्या फटक्यात ओळखलं असतं. आमचं यंत्र एवढं सुधारलेलं, पण त्याला नाक दिसत नाही.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग शुक्रवारी साहेबांचा निरोप आला : "संध्याकाळी निरोप समारंभ. तुम्ही पंच आणा."

नुकताच एवढा अभ्यास झालेला. पाच मिनिटांत तीन पर्याय समोर होते. पंच म्हणजे खेळाचा निवाडा करणारा माणूस आणावा, तर खेळ कुठला? भाषणात ठोसा आणावा, तर माझ्या विनोदाची पंचलाइन मी नेहमी आधीच सांगून टाकतो, हे साहेब जाणतात. उरलं ते कपाटातलं कागदाला भोकं पाडणारं यंत्र. निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला मानपत्र देणार, ते फाइलला लावायचं असेल. सरळ हिशेब. हे यंत्र १८८६ साली जर्मनीत फ्रीडरिश झोनेकेन याने पेटंट केलं. दोन भोकांत अंतर ऐंशी मिलिमीटर. अमेरिकेसारखे अपवाद सोडले तर बहुतेक ठिकाणी तेच प्रमाण. त्यात घोटाळ्याला जागाच नाही, अशा आत्मविश्वासाने मी ते घेऊन गेलो.

टेबलावर मोठं काचेचं भांडं होतं. रिकामं. त्याच्याभोवती तीस पेले होते आणि तेही रिकामे. मी भांड्याशेजारी पंच ठेवला. साहेब आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. पुढे जो झाला तो पंचनामा.

पिण्याचा पंच! आता यात माझी काय चूक? तो शब्द तर त्या घरातलाच नाही. तो बहुधा आपला. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला असे पाच जिन्नस, म्हणून पंच. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर शिवकाळात सुरत, मुंबई, जुन्नरकडे फिरून गेला. १६९८ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्यानेच ही व्युत्पत्ती दिली आहे. त्याने स्पेलिंग मात्र 'पाँच'सारखं केलं, ज्याचा इंग्रजीत अर्थ ढेरी. पेयाचं मूळ आणि फळ एकाच शब्दात सांगणारा असा कोशकार विरळा. फ्रेंच प्रवासी बर्निए याने तर 'बोल ऑफ पंच' ऐकून 'बूलपाँज' असं लिहून ठेवलं. काही विद्वान हे सगळं नाकारतात. खलाशांच्या 'पंचन' नावाच्या पिंपावरून नाव पडलं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. पटवून घ्यायची इच्छाही नाही. ज्या शब्दापायी एवढी बोलणी खाल्ली, तो निदान आपला तरी असू दे.

तिसरा पंच आणखी निराळा. इटलीतल्या पुल्चिनेल्ला या नाकाड्या विदूषकाचं इंग्रजांनी पंच केलं. तो बाहुल्यांच्या खेळात बायकोला बडवतो आणि खूश होतो. लंडनला १८४१ मध्ये निघालेलं 'पंच' हे विनोदी साप्ताहिक त्याच्याच नावाचं. त्याच्या पहिल्या संपादकांत एकाचं आडनाव लेमन. लिंबाशिवाय पंच कसला, असा विनोद तेव्हा झाला म्हणतात.

हे सगळं मी त्या संध्याकाळी साहेबांना सांगितलं. पाच जिन्नसांपर्यंत पोचलो तेव्हा कोणीतरी फळांचा रस आणून भांड्यात ओतला होता. मी पाच बोटं उघडून दाखवायला हात फिरवला आणि भोकं पाडायचं यंत्र भांड्यात गेलं. आत साठलेल्या गोल टिकल्या वर तरंगू लागल्या. निवृत्त होणारे गृहस्थ म्हणाले, "वा, सजावट छान आहे."

सोमवारी यंत्राने पुन्हा लाल दिवा लावला. मॅडमनी 'मिस्ड पंच'चा अर्ज पुढे केला. मी तो भरला, सही केली, परत दिला.

"असा सुटा नको," त्या म्हणाल्या, "फाइलला लावायचाय. पंच करून आणा."

कपाटातलं यंत्र काढून दाबलं. साखरेने ते जे घट्ट बसलंय, ते उघडेना.